नाऊन सर बोलायला शिकतात

नाऊन सरांना जगात माणसं, झाडं, गुरंढोरं दिसत नसत; त्यांना फक्त नामं दिसत. रस्त्यात म्हैस आडवी आली की आपण बाजूला होतो. सर थांबत, बोट दाखवत आणि म्हणत, "कॉमन नाऊन." म्हशीला मालकानं काही नाव ठेवलेलं आहे असं कळलं, तर तिला जागच्या जागी बढती मिळून ती प्रॉपर नाऊन होई. दहाबारा म्हशी एकत्र निघाल्या की कळप, म्हणजे कलेक्टिव्ह. आणि त्या कळपानं सरांच्या इस्त्रीच्या पँटीवर चिखल उडवला की सरांना जो येई तो संताप, म्हणजे ॲबस्ट्रॅक्ट. त्यांचं खरं नाव शाळेच्या कागदांवर असेल, पण ते वाचायची वेळ कुणावर आली नाही. वर्ध्याला लागून असलेल्या सिंदी मेघेतल्या आमच्या लेआउटमध्ये, म्हणजे वसाहतीत, नवीन पोस्टमनसुद्धा "नाऊन सर कुठी राह्यते?" असंच विचारायचा.

दूधवाल्याशी त्यांचं वाजलं तेही याच विषयावरून. एका सकाळी सरांनी त्याला भांडं हातात धरून समजावलं, "दूध मोजता येत नाई. अनकाउंटेबल हाये थे."

"काऊन येत नाई जी?" दूधवाला म्हणाला. "वीस वर्सं झाली, मोजूनच त देऊन राह्यलो."

"तू लिटर मोजते. दूध नाई मोजत."

दूधवाल्याला हा आपल्या मापावर घेतलेला संशय वाटला आणि तो आठ दिवस गल्लीत फिरकला नाही. काकूंनी, म्हणजे सरांच्या पत्नीनं, त्या आठ दिवसांत सरांना कोरा चहा दिला. "घ्या जी," म्हणाल्या, "हाही मोजता येत नाई."

आठवी ते दहावी त्यांनी आम्हाला इंग्रजी शिकवलं. जून ते दिवाळी नाम. दिवाळी ते गॅदरिंग, झालेल्या नामाची उजळणी. क्रियापद, काळ, प्रयोग वगैरे किरकोळ मंडळी मग फेब्रुवारीत येत आणि लग्नातल्या शेवटच्या पंगतीला वाढावं तशी भराभर उरकली जात. बोर्डाची परीक्षा नामापुरतीच नसते, हे सरांना कुणी सांगितलं नसावं, किंवा सांगितलं असेल तर तो माणूस नामाचे प्रकार सांगू शकला नसावा. तसल्या माणसाचं सर ऐकत नसत.

पण खोटं कशाला बोलू, नाम त्यांनी असं शिकवलं की मेल्यावरही विसरणार नाही. टेबलावर हात टेकून ते सांगत, "आपल्या मराठीत नामाच्या मांगं ले, नं, चा, असं कायतरी लागून राह्यते. त्याले वाक्यात कुठंही बसवा, तो वळखू येते. इंग्रजीतल्या नामाले थे सोय नाई. त्याची जागा हेच त्याचं काम. क्रियापदाच्या आंधी बसला त काम करते. मांगं बसला त काम त्याच्या आंगावर पडते. आन् इन, ऑन, अंडरच्या मांगं बसला त निरा पत्ता सांगते, बाकी काई करत नाई." एवढं बोलून ते शेवटच्या बाकाकडे पाहत. शेवटच्या बाकावरची मंडळी कुठल्या प्रकारची नामं आहेत हे वर्गाला वेगळं सांगावं लागत नसे.

त्यांचं दुसरं ठरलेलं वाक्य होतं, "तुह्या वाक्याले मालक कोन?" कर्ता नसलेलं वाक्य त्यांना बेवारस पिशवीइतकं संशयास्पद वाटे. शिपाई म्हणाला, "सर, काच फुटली," की सर म्हणत, "फुटली नाई, कोनीतरी फोडली. मालक सांग." चौकातल्या फळ्यावर 'नळदुरुस्ती लवकरच करण्यात येईल' असं लिहिलेलं होतं, तिथं ते रोज संध्याकाळी उभे राहून विचारत, "करन कोन?" नळ दुरुस्त झाला नाही. त्यामुळे सरांची व्याकरणावरची श्रद्धा आणखी वाढली. नववीत मीसुद्धा असंच एक बिनमालकाचं वाक्य लिहिलं, आणि त्याबद्दल पूर्ण तास दाराशी उभी राहिले. तो राग मी पुढं बरीच वर्षं जपला.

आता शाळेतलं एक गुपित. सरांना इंग्रजी बोलता येत नव्हतं. म्हणजे एकही वाक्य. ते इंग्रजीबद्दल बोलत, तेही वऱ्हाडीत. गॅदरिंगला एकदा पुलगावकडचे एक निवृत्त लष्करी पाहुणे आले होते. त्यांनी स्टेजवर सरांकडे वळून मोठ्या आपुलकीनं विचारलं, "हाऊ डू यू फाइंड द चिल्ड्रन हियर?" सरांनी घसा साफ केला, आमच्याकडे पाहिलं, म्हणाले, "चिल्ड्रन. इर्रेग्युलर प्लुरल," आणि चहाचं बघायला निघून गेले. पाहुण्यांना हा फार उच्च दर्जाचा विनोद वाटला. ते बराच वेळ हसत होते आणि भाषणातही त्यांनी त्याचा उल्लेख केला.

मी दहावी झाले, बारावी झाले, पुण्यात दोन वर्षं फोनवर परदेशी गिऱ्हाइकांच्या शिव्या खाल्ल्या आणि त्या शिव्यांच्या जोरावर इंग्रजी बोलायला शिकले. परत येऊन वर्ध्यात बसस्टँडजवळ, एका झेरॉक्सच्या दुकानाच्या वर, क्लास काढला. पाटीवर लिहिलं, 'साठ दिवसांत फाडफाड इंग्रजी'. आमच्याकडे व्याकरण शिकवत नाहीत, कॉन्फिडन्स शिकवतात. साठ दिवसांनी पोरं चुकीचं बोलतात, पण न थांबता बोलतात, आणि पालक पेढे आणून देतात. सर त्या पाटीखालून जाताना मान दुसरीकडे वळवत. एकदा मात्र थांबून त्यांनी मला वर हाक मारली, "वंदना, फाडफाड हे कोनतं नाऊन होय वं?" झेरॉक्सवाला आठवडाभर मला तेच विचारत होता.

असे हे सर निवृत्त झाल्यावर एका सप्टेंबरात, भर दुपारी दोन वाजता, जिना चढून माझ्या क्लासमध्ये आले. त्या वेळी झेरॉक्सवाला जेवायला जातो, हे त्यांनी खालून हेरून ठेवलं होतं. त्यांनी दार आतून लोटलं, पहिल्या बाकावर बसले, आणि छत्री मांडीवर आडवी धरून म्हणाले, "मले बोलाले शिकव."

मी हसले. मला वाटलं, माझी परीक्षा घेत आहेत.

त्यांचा मुलगा प्रशांत बंगळुरात मोठ्या कंपनीत होता. प्रशांतची मुलगी मायरा पाच वर्षांची. घरी इंग्रजी, शाळेत इंग्रजी, खेळायला खाली गेली तरी इंग्रजी. प्रशांतनं सक्त ताकीद दिली होती, फोनवर तिच्याशी मराठी बोलायचं नाही, ती कन्फ्यूज होते. त्यामुळे दर रविवारी व्हिडिओ कॉलवर सर म्हणत, "गुड मॉर्निंग." मग हात हलवत. मग बराच वेळ हसत राहत. मग म्हणत, "गुड नाईट." हे सगळं सकाळी अकरा वाजता चाले. आता दिवाळीला ती पहिल्यांदाच आठ दिवस राहायला येणार होती.

"पस्तीस वर्सं शिकवलं मी," सर म्हणाले. "आन् माह्या नातनीसंगं मले दोन शब्द बोलता येत नाई. तिले वाटते, आबाजी मुका हाये. खरंच तसं वाटते तिले, प्रशांतनं हसत हसत सांगतलं."

बोलताना ते माझ्याकडे पाहत नव्हते, भिंतीवरच्या कॉन्फिडन्सच्या पोस्टरकडे पाहत होते. नववीतला राग मी इतकी वर्षं सांभाळला होता, तो त्या दुपारी कुठं गेला ते मला कळलं नाही. मी म्हटलं, "सर, उद्यापासून याच वेळेला या."

सरांना शिकवणं म्हणजे काय असतं, ते माझ्या शत्रूच्याही वाट्याला येऊ नये. मी विचारायची, "हाऊ आर यू?" सर डोळे मिटत. "यू. प्रोनाऊन. नामाच्या बदल्यात कामावर आलेला."

"सर, ती पाच वर्षांची आहे. तिला उत्तर हवंय, प्रकार नकोत."

"उत्तर देतो ना. पन आंधी कोन कुठी बसला हाये थे त पाहू दे."

वाक्य सरांच्या तोंडापर्यंत येई आणि तिथंच त्याची झडती सुरू होई. कर्ता पुढं बसलाय का, कर्म मागं आहे का, ऑनच्या मागचं नाम जागेवर आहे का, हे सगळं तपासून होईपर्यंत समोरचा माणूस घरी जाऊन जेवून आला असता. आयुष्यभर दुसऱ्यांच्या वाक्यांत चुका काढल्या की स्वतःचं वाक्य तोंडातून बाहेर काढायची छाती होत नाही, हे मला तिथं समजलं. माझ्या पोरांना ही अडचण कधीच येत नाही, त्यांना चुका म्हणजे काय हेच मी सांगितलेलं नाही.

शेवटी आम्ही चाळीस वाक्यं ठरवली. 'वेलकम टू वर्धा.' 'आय ॲम युअर ग्रँडफादर.' 'डिड यू स्लीप वेल?' सरांनी ती दुरेघी वहीत उतरवून घेतली आणि मी नको नको म्हणत असताना प्रत्येक नामाखाली लाल रेघ मारली. दिवाळीपर्यंत चाळीसही वाक्यं पाठ झाली. आरशासमोर, तुळशीसमोर आणि एकदा त्या दूधवाल्यासमोरही म्हणून झाली. दूधवाला दुसऱ्या दिवशी काकूंना विचारत होता, गुरुजींची तब्येत बरी आहे ना?

प्रशांत नागपूरला विमानानं उतरून टॅक्सीनं येणार होता. सरांनी मला सकाळपासून बोलावून ठेवलं होतं. "तू बाजूले उभी राह्यजो. मी अडलो त इशारा करजो." नवा सदरा, खिशात वही, कपाळावर घाम. टॅक्सी फाटकाशी थांबली. मायरा उतरली, तिनं आमच्याकडे पाहिलंच नाही. शेजाऱ्यांची बकरी कंपाउंडच्या भिंतीवर चढून मुंगन्याचा, म्हणजे शेवग्याचा, पाला खात होती, तिकडे बोट करून ती सरांना म्हणाली, "व्हाय इज देअर अ गोट ऑन युअर वॉल?"

चाळीस वाक्यांत बकरी नव्हती.

सरांनी तोंड उघडलं. मी इशारा करत होते, पण कसला इशारा करायचा हे मलाही ठाऊक नव्हतं. पोर वाट पाहत उभी. सर म्हणाले, "गोट." मग म्हणाले, "ऑन... वॉल." आणि थांबले. त्यांचे ओठ हलत होते, आवाज येत नव्हता. मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं.

"बाबा, राहू द्या," प्रशांत म्हणाला. "शी इज टायर्ड." त्यानं पोरीला उचललं आणि आत गेला.

त्यानंतर तीन दिवस सर मागच्या खोलीत राहिले. अंग दुखतंय म्हणाले. काकू मात्र मायराशी सरळ वऱ्हाडीत बोलत होत्या, तिला न्हाऊ घालत होत्या, चकल्या भरवत होत्या. प्रशांतनं टोकलं की म्हणत, "मले कुठी इंग्रजी येते रे बाप्पा? मी काई मास्तर होय का?" सरांना हे आतून ऐकू जात होतं. चौथ्या दिवशी मी फराळाचं ताट घेऊन गेले तर ते भिंतीकडे तोंड करून पडलेले. वही उशाशी.

मला राग आला. मी म्हटलं, "सर, चूक बोला, पण बोला. काय होईल? ती काय तुमचे मार्क कापणार आहे?"

"प्रशांत कापन," सर म्हणाले.

इतक्यात मायरा दारात आली. स्वयंपाकघरातून तिनं पोळी उलथायचा सराटा पळवला होता. तो वर धरून तिनं माझ्याऐवजी सरांना विचारलं, "व्हॉट्स दिस?"

इंग्रजी शब्द माझ्या जिभेवर होता. साठ दिवसांची सवय, लगेच बाहेर पडतो. का कोण जाणे, मी तो गिळला. सर उठून बसले. इंग्रजी शब्द त्यांना आठवला नाही, हे मला स्पष्ट दिसलं. ते म्हणाले, "सराटा."

"सराटा," मायरा म्हणाली. ती गेली आणि एक उभट पातेलं घेऊन आली. "व्हॉट्स दिस?"

"गंज."

"गंज." ती परत गेली. सर चप्पल शोधायला लागले.

पाच वर्षांच्या पोराला जगाबद्दल एकच प्रश्न असतो, हे काय आहे? आणि त्या प्रश्नाचं उत्तर नाम असतं. अख्ख्या वर्धा जिल्ह्यात त्या कामासाठी सरांहून लायक माणूस नव्हता. उरलेले चार दिवस ते दोघं लेआउटभर आणि पलीकडच्या शेतांतून फिरत होते. बैलांची बंडी. छपरावरचं कवेलू. तुरी. कपाशीची पऱ्हाटी. बोंड. ढेकूळ. ती बोट दाखवी, सर नाव सांगत, ती म्हणून पाही आणि बरोबर आलं की दोघंही हसत. कॉमन, प्रॉपर, कलेक्टिव्ह यातलं एक अक्षर सरांनी काढलं नाही. मी लक्ष ठेवून होते. बकरीशी तर त्यांनी तिची रीतसर ओळख करून दिली.

प्रशांत वैतागला. "बाबा, ती कन्फ्यूज होईल."

"झाली त होऊ दे," काकू म्हणाल्या. "तू काई कमी कन्फ्यूज हाये का?"

निघायच्या आदल्या दिवशी आम्ही सगळे अंगणात बसलो होतो. मायरा मुंगन्याच्या झाडाखाली उभी राहून वर पाहत होती. मग सरांचा सदरा ओढून म्हणाली, "आबाजी, मले मुंगना पाह्यजे."

अख्खं वाक्य. तिला कुणी शिकवलं नव्हतं; नामं गोळा करता करता मध्ये लागणारं बाकीचं तिनं काकूंकडून उचललं होतं. मी सरांकडे पाहिलं. पस्तीस वर्षांची सवय, आता म्हणतील पाहिजे कुणाला, कर्म कोणतं, मले मधला ले कशाचा. सर उठले, घरामागून शेंगा पाडायची आकडी आणली, आणि टाचा उंच करून, सदऱ्याचा काखेतला टाका उसवेपर्यंत हात ताणून, त्यांनी तिला दोन शेंगा काढून दिल्या. त्यांचे डोळे भरले होते. माझेही भरले, हे सांगायला मला लाज वाटत नाही.

पुढचं वर्षभर रविवारचा कॉल तासभर चाले. प्रशांतनं आधी तोंड वाकडं केलं, मग नाद सोडला. सर माझ्या क्लासला पुन्हा आले नाहीत. पाटीखालून जाताना मान मात्र वळवत नसत, वर पाहून हात करत. मी एकदा विचारलं, इंग्रजीचं काय? म्हणाले, "तिले येते ना. घरात एकाले आलं तरी पुरते."

नंतरच्या थंडीत सर गेले. सकाळी बरे होते, अंगणात ऊन घेत बसले होते. दुपारी सगळं संपलं होतं. मी खूप माणसांचे मृत्यू पाहिलेले नाहीत, पण त्या घरात जाऊन रिकामी खुर्ची पाहणं मला फार जड गेलं.

प्रशांत आणि मायरा आले. तिसऱ्या दिवशी मी काकूंकडे चहा करत होते. मायरा आता सहा वर्षांची. ती सगळ्या खोल्यांतून फिरून आली, मागच्या अंगणात जाऊन आली, आणि स्वयंपाकघरात बापाजवळ येऊन विचारलं, "आबाजी कुठी गेले?"

प्रशांतनं तिला जवळ घेतलं आणि समजावून सांगायला सुरुवात केली. सुंदर इंग्रजीत. आबाजी चांगल्या जागी गेले आहेत, तिथं त्रास नसतो, ते वरून आपल्याकडे पाहत असतात. उच्चार इतके स्वच्छ की माझ्या क्लासमध्ये नमुना म्हणून ऐकवावेत. मायरानं ऐकून घेतलं. मग मान हलवली.

"असं नाई," ती म्हणाली. "आबाजीसारखं सांग."

प्रशांतनं माझ्याकडे पाहिलं. मी चहाच्या पातेल्यात पाहत राहिले. फाडफाड बोलायचं शिकवण्यावर माझं पोट आहे, आणि मी चहात दुसऱ्यांदा साखर घातली. तो खाली फरशीवर बसला, तिच्या उंचीला आला. बरीच वर्षं वापरली नव्हती ती भाषा त्यानं. पहिला शब्द दोनदा अडला.

"आबाजी मेले वं बाई," तो म्हणाला. "आता नाई येत."

आणि तो रडायला लागला. मायरानं त्याच्या तोंडाकडे नीट पाहिलं, त्याच्या खांद्यावर हात ठेवला, आणि पुढं काहीच विचारलं नाही.